माप जुळतंय, माणूस जुळत नाही. बसलेली आई कशी काढायची?

लेथवाला_निपाणी

नमस्कार मंडळी. मी मूळ निपाणीचा, १९ वर्षं झाली बेळगावात उद्यमबागेत लेथ चालवतोय. वय ४३. चित्रकलेशी संबंध म्हणाल तर शाळेत काढलेला एक मोर, तोही निम्मा मास्तरांनीच काढून दिलेला. यंदा दिवाळीला गावी गेलो तेव्हा डोक्यात भरलं की आईला कागदावर काढायचं. फोटो आहेत की मोबाईलमध्ये शंभर. पण फोटोला ती फोटोसारखी बसते, पदर सावरून, हात मांडीवर, आधार कार्डाला बसल्यागत. ती खरी बसते ती दाराच्या चौकटीला पाठ लावून. डावा गुडघा उभा, उजवा पाय मोडून खाली, मांडीवर सूप आणि मान सुपात. तीसेक वर्षं तिनं अशीच बसून बिडी वळली. आता मजुरीला वळत नाही, पण शेजारची काकू पानं कापायला बसली की ही सरकत सरकत तिकडं जाते आणि मूठभर पानं ओढतेच.

मी मापाचा माणूस. ०.०२ मिलिमीटरचा व्हर्निअर रोज हातात. त्यामुळे माणूस साडेसात डोक्यांचा असतो असं वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. म्हटलं चला, ड्रॉइंग मिळालं, आता जॉब करायचा तेवढा राहिला. टेप घेऊन घरादाराला मोजलं. मी १६८ सेंटीमीटर, डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत २२.५, म्हणजे साडेसातला केसभर कमी. दोन्ही हात पसरले तर बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत १७०, उंचीच्या आसपासच. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात हनुवटीपासून केसांच्या रेषेएवढा. सगळं जुळतंय. बायको म्हणाली, सगळ्यांना कपडे शिवताय का? आईला मात्र भिंतीला उभी केली तर तिची पाठ टेकेचना. १४८ भरली, डोकं २१. सातच डोक्यांची.

मग रद्दीतल्या जॉब कार्डांच्या पाठकोऱ्या बाजूवर सुरुवात केली. उभा माणूस काढला तर बस स्टँडच्या मुतारीच्या दारावर पत्र्यावर रंगवलेला असतो ना, तो आला. माप एकूण एक बरोबर. आईला बसलेली काढताना मांडी तक्त्याप्रमाणे दोन डोकी लांब घेतली. पोरगा बघून म्हणाला, आज्जी कोळी झाली.

चूक कुठं होते ते सांगा. क्लास लावायला जमणार नाही, शिफ्ट असते. आई रविवारीच मिळते. आणि नुसतं 'सराव करा' म्हणू नका, लेथवर नव्या पोरांना आम्हीसुद्धा एवढंच सांगून सोडत नाही.

बिनसाखरेचा_चहा

काचेवर फोटो ठेवा, खालून बल्ब लावा, वरून गिरवा. दोन रविवारांत आई तयार. कशाला एवढा जीव काढताय.

लेथवाला_निपाणी

ते करून झालं दादा. फोटोची कड आली नुसती. आत कोणीच नाही.

निवृत्त_ड्रॉइंग_मास्तर

लेथवाले, तुमच्या पोराचं निदान पक्कं आहे. मी ३४ वर्षं हायस्कूलमध्ये ड्रॉइंग शिकवलं, आधी हुक्केरी तालुक्यात, मग बेळगावात. आता रिकामा आहे, तेव्हा जरा लांबण लावतो, सोसून घ्या.

साडेसात डोकी हे उभ्या माणसाचं माप. तेही समोरून, ताठ उभा असेल तर. तुम्ही तर रोज ड्रॉइंग वाचता. तिरकी कड एलिव्हेशनमध्ये, म्हणजे समोरून काढलेल्या आकृतीत, खरी लांबी दाखवते का? मग आईची मांडी तुमच्या दिशेने येत असताना खरी लांबी कशी दाखवेल? गुडघा तुमच्याकडे रोखलेला असेल तर दोन डोक्यांची मांडी कागदावर अर्ध्या डोक्यात संपते. तुम्हाला ती लांब आहे हे ठाऊक, म्हणून हात लांब काढत गेला. कोळी तिथं झाला.

कुठला अवयव किती तिरका आहे हे कळायला बांगड्या बघा. बांगडी म्हणजे नळीवर घेतलेला छेद. हात तुमच्या नजरेला आडवा असेल तर बांगडी नुसती रेघ दिसते. तो तुमच्याकडे वळायला लागला की बांगडी फुगत जाते आणि मूठ थेट तुमच्यावर रोखली की पुरी गोल. चकात धरलेला शाफ्ट बाजूने बघता आणि टेलस्टॉककडून, म्हणजे टोकाकडून बघता, तोच फरक. आईच्या हातात डझनभर बांगड्या असतील तर दोन्ही मनगटांना कोनमापक बांधलेलेच आहेत म्हणा ना. दंडावर ब्लाउजच्या बाहीची कड तेच सांगते, पोटरीवर साडीचा काठ तेच सांगतो. मी वर्गात मुलांना पाइपच्या तुकड्याला रबरबँड लावून द्यायचो आणि हवा तसा फिरवून आधी रबरबँडच काढायला लावायचो, पाइप नंतर. साडी हा चित्रकाराचा त्रास आहे असं मुली म्हणायच्या. मी म्हणायचो, पँटवाल्याला काठ नसतो, तो जास्त त्रास.

लांबी मोजायची तर कोपर ताठ करून पेन्सिल समोर धरा, एक डोळा मिटा, अंगठ्याने डोक्याची उंची पेन्सिलीवर पकडा आणि तीच पकड मांडीवर नेऊन ठेवा. कोपर दुमडलं की माप गेलं. तुमच्या भाषेत, झीरो हलला.

आता मुतारीच्या दाराचं. त्या पत्र्यावरच्या माणसाला वजन नाही, म्हणून तो तसा दिसतो. एक नट घ्या, एम-१० चालेल, त्याला हातभर दोरा बांधा. झाला ओळंबा. कुणी एका पायावर रेलून उभा असेल त्याच्या रेषेत तो धरा, दोरा गळ्याच्या खळीवरून येऊ द्या. तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्यापाशी उतरलेला दिसेल. त्या बाजूचं कमरेचं हाड वर उचललेलं असतं आणि त्याच बाजूचा खांदा खाली. म्हणजे खांद्याची रेघ आणि कमरेची रेघ भाराच्या बाजूला एकमेकींजवळ येतात, दुसऱ्या बाजूला फाकतात. तुम्ही दोन्ही रेघा समांतर मारल्या असणार, पट्टीनेच बहुतेक.

पहिले १५ दिवस चेहरा, बोटं, बटणं काही काढायचं नाही. मोबाईलला एक मिनिट लावा. डोक्यापासून टाचेपर्यंत जाणारं एकच वळण हुडका, मग खांद्याची तिरपी रेघ, कमरेची तिरपी रेघ, पाय कुठं टेकलेत ते, संपलं मिनिट. पान उलटा. बॉलपेन वापरा आणि रबर घरी ठेवा. पेन्सिलच हवी तर ४बी किंवा ६बी. टोकदार एचबी हातात आली की माणूस मनगटातून काढायला लागतो आणि केसाळ रेघा येतात, उंदराने कुरतडल्यासारख्या. हात खांद्यातून फिरवा. माणसं बस स्टँडवर भरपूर, आणि बस उशिरा येणार ही सोय आपल्याकडे आहेच. फक्त बायकांकडे टक लावून बसू नका. झोपलेले, पेपर वाचणारे, बिड्या ओढणारे बाप्ये काढा. कोणी विचारलं तर वही दाखवा, लपवू नका.

आणि बेळगावात बसून कसं जमणार असं मनात आणू नका. चित्रकार के. बी. कुलकर्णी याच गावात शिकवायचे. रवी परांजपे १९३५ साली इथलेच जन्मलेले, त्यांच्याकडेच शिकले आणि मग मुंबई गाजवली.

शाडूमाती

सर, राग मानू नका, पण मापाला एवढं मागं सारलेलं मला पटलं नाही. आमच्या घरी तीन पिढ्या गणपतीचं काम आहे. आजोबा ताल मोजायचे. ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी, १२ अंगुळं. देवाची मूर्ती नऊ ताल, म्हणजे १०८ अंगुळं. गणपती पाचच तालांचा, म्हणून तर तो लहान पोरासारखा दिसतो, डोकं मोठं आणि पाय आखूड. लेथवाले दादा, एक गल्लत मात्र करू नका, तुमचं डोकं टाळूपर्यंत असतं आणि आमचा ताल केसांच्या रेषेपर्यंत. दोन्ही एकत्र केलं तर मूर्ती बिघडते. माझी पहिल्या वर्षी बिघडली होती, आजोबांनी सगळा शाडू परत भिजत घातला आणि आठवडाभर बोलले नाहीत.

मूर्ती बसलेलीच असते ना? आम्ही चेहऱ्यापासून कधीच सुरुवात करत नाही. आधी कमरेचा गोळा, मग छातीचा गोळा. हे दोन कडक. मधलं पोट मऊ. माणूस वाकतो, कलतो, पिळतो तो या मधल्या मऊ जागेत, गोळे आपले आकार सोडत नाहीत. तुमच्या आईचं तुम्ही जे सांगितलंत, पाठ भिंतीला टेकत नाही, तर तिचा छातीचा गोळाच पुढं कललेला आहे. आणि मान! वाकलेल्या माणसाची मान खांद्यांवर उभी नसते, ती पुढं निघते, कासवासारखी. नवशिके हमखास मान वर काढतात आणि डोकं नुसतं खाली वळवतात. मग म्हातारं माणूस वाटतच नाही, तरुण माणूस रुसून बसलाय असं वाटतं.

ताठ बसलेला माणूस बैठकीपासून टाळूपर्यंत आपल्या उंचीच्या निम्म्याहून थोडा जास्त असतो. म्हणजे तुमची आई ताठ बसली तर साडेतीन-पावणेचार डोकी. ती बसते तशी मोजा आणि किती कमी भरतं ते बघा. तेवढा तिचा बाक. हे मापानेच कळणार आहे, ओळंब्याने नाही.

आणि कागदावर जायच्या आधी कणकेचा बोटभर पुतळा करून बघा. दोन गोळे, एक डोकं, चार वळ्या. फिरवून फिरवून बघता येतं, कागद फिरवून काही होत नाही.

निवृत्त_ड्रॉइंग_मास्तर

पोरी, माप टाका असं मी म्हटलं नाही, तक्ता टाका म्हटलं. माझ्या लांबणीत ते हरवलं असेल, मान्य. दोन गोळ्यांचं आणि मानेचं तू जे लिहिलंस ते माझ्याकडून राहिलंच होतं, आणि ते माझ्या अख्ख्या लिखाणाहून यांच्या जास्त कामाचं आहे. तुझ्या आजोबांना नमस्कार सांग.

तांबडी_माती

दादा, मला चित्रातलं काय कळत नाही. येळ्ळूरचा आहे, १२ वर्षं तालमीत जातोय. मास्तरांचं ते भाराचं वाचून लिहूलोय. आमचे वस्ताद पहिल्या दिवशी सांगतात, समोरच्याचे डोळे बघू नको, कंबर बघ. डोळे फसवतात, हात फसवतात, कंबर फसवत नाही. ती जिकडं जाणार तिकडंच गडी जाणार. खडाखडीला, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीच्या झटापटीला उभारलेला पैलवान बघा, दोन्ही गुडघे मोडलेले, भार चवड्यावर, टाच मातीला लागली न लागली. त्याच्या टाचा टेकवून काढलं तर तो पैलवान राहात नाही, रांगेतला माणूस होतो.

तुमच्या आईचा एक गुडघा उभा म्हणजे भार दुसऱ्या कुल्ल्यावर असणार. सगळं अंग तिकडं कलंडलेलं असतंय, फक्त डोकं परत मधी आणलेलं असतंय, नाहीतर माणूस पडंल की. ते बघा.

आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या लागल्या की या वही घेऊन. नाहीतर कुठल्याही तालमीत वस्तादांना विचारून कोपऱ्यात सुम्म बसा. चप्पल बाहेर तेवढी काढा.

बिनसाखरेचा_चहा

मी गिरवा म्हटलेलं मागं घेतो. बांगड्यांचं वाचून घरी बायकोच्या हाताकडं बघत होतो, ती म्हणाली नवीन आणणार असशील तर बघ, नाहीतर जेव.

लेथवाला_निपाणी

तीन रविवार झाले, म्हणून लिहितोय.

बस स्टँडवर पहिल्या दिवशी ११ काढले. एकही माणूस नाही, सगळ्या चपात्या. एक मिनिट म्हणजे किती कमी ते तेव्हा कळलं. डोकं काढून होईस्तोवर माणूस उठून बसमध्ये. एक कंडक्टर मागं येऊन उभा राहिला, म्हणाला, कशाचा सर्व्हे चाललाय? वही दाखवली तर हसला आणि स्वतःच खांबाला रेलून उभा राहिला, काढा म्हणाला. नट बाहेर काढला, दोरा धरला. मास्तर, बरोब्बर घोट्यावर. मला इतका आनंद झाला की काढायचं राहिलं आणि तो ड्यूटीवर गेला.

दुसऱ्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये चहाच्या सुट्टीत काढायला लागलो. जॉब कार्डावर पाठमोरा एकजण काढला, काउंटरला कोपर लावून, एक पाय मागं टाकून. चेहरा नाही, काही नाही, सहा-सात रेघा. आमच्या हेल्परनं उचलून बघितलं आणि म्हणाला, हे स्टोअरचे अण्णा की. मी सांगितलं नव्हतं कोण ते. ते कार्ड मी टूलबॉक्सच्या झाकणाला आतून लावलंय.

आता आईचं. कणीक मागितली तर आधी शिव्या खाल्ल्या. मग लिंबाएवढी मिळाली. दोन गोळे केले, छातीचा पुढं कलवला, मान पुढं काढली, आणि खरं सांगतो, नाक नाही डोळे नाहीत, पण ती आईच झाली. ताई, तुमचं बरोबर. बसलेली मोजली तर तीन डोक्यांना दोन बोटं जास्त. म्हणजे जवळजवळ अर्ध्या डोक्याएवढी उंची त्या बाकात गेली.

पैलवान, तुमचंही बरोबर. ती उजव्या कुल्ल्यावर बसते. ४३ वर्षं बघतोय, माहीत नव्हतं. डावा खांदा वर, उजवा त्याच्यापेक्षा बोटभर खाली, आणि तो खाली असलेला हातच सारखा वळत असतो. उठली तरी तो खांदा पुरता वर येत नाही. मला वाटायचं पदरामुळं तसं दिसतं.

बांगड्या बघितल्या. उजव्या मनगटाच्या जवळजवळ गोल, डाव्याच्या चपट्या, रेघेसारख्या. पेन्सिल ताठ धरून मांडी मोजली, पाऊण डोकं भरली. आणि गंमत सांगतो, मोजून, खूण करून, तरी हात दरवेळी खुणेच्या पुढं जायचा. डोळ्याला पटतंय, हाताला पटत नाही. चार कागद घालवले. पाचव्याला हात थांबला.

एकदा घाईत मोबाईलवर जवळनं फोटो काढून त्यावरून काढायला गेलो तर गुडघा डोक्याएवढा आला. तो मार्ग सोडला. आता तीन-चार हात लांब बसून समोर बघूनच काढतो, आणि ती विचारते, झालं का रे, अजून किती, मला पाणी तापवायचंय.

पाचवा कागद तिला दाखवला. चष्मा आणला, उजेडात गेली, बराच वेळ बघत राहिली. मी वाट बघत होतो, आता म्हणेल मी एवढी म्हातारी दिसतो व्हय. ती म्हणाली, "सूप असं धरलं तर तंबाखू सांडंल की रे."

मग कोपऱ्यातलं सूप घेऊन बसली आणि दाखवलं. मी ते सपाट काढलं होतं, ताटासारखं. ती त्याची बंद कड पोटाला लावते आणि उघडी बाजू उभ्या गुडघ्यावर जरा चढवून ठेवते. म्हणून तर तो गुडघा उभा. "मी असं धरतो," म्हणाली, "नाहीतर सगळं खाली." म्हणजे सगळी बैठकच त्या सुपासाठी आहे, आणि मी ते सगळ्यात शेवटी, जागा उरली होती तिथं बसवलं होतं.

पुढच्या रविवारी सुपापासून सुरुवात करणार आहे. मास्तर, एवढंच सांगा: सुपाला बांगडीसारखी पूर्ण कड नाही, एका बाजूनं उघडं, मागं खोल आणि पुढं पसरट. त्याचा कल कशावरून धरायचा?

निवृत्त_ड्रॉइंग_मास्तर

उघड्या बाजूची दोन टोकं जोडणारी एक रेघ मनात ओढा, आणि त्या रेघेच्या मध्यापासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत दुसरी. त्या दोन रेघा आधी काढा, बाकी सूप त्यांना टांगा. आणि बांबूच्या आडव्या कामट्या मोजू नका, कल मिळाला की त्या आपोआप पडतात. आईला सांगा, मास्तरांनी मार्क दिलेत.